इंग्रजीचा तास घेण्याआधी

इंग्रजीचा शिक्षक होऊ पाहणाऱ्या उमेदवारापुढे दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, ‘स्वतःबद्दल सांगा.’ दुसरा, ‘तुमचा वर्ग कसा असेल?’ बी.एड.च्या पहिल्या महिन्यात ते लेखी स्वरूपात येतात, शिक्षणसंस्थेच्या मुलाखतीत तोंडी येतात आणि खाजगी शाळेच्या अर्जात कधी एका रकान्यात बसवलेले असतात. बहुतेक उमेदवार त्यांची उत्तरे वेगवेगळी तयार करतात. पहिल्यात गाव, शाळा, टक्केवारी आणि ‘लहानपणापासूनची आवड’. दुसऱ्यात आनंददायी शिक्षण, तंत्रज्ञान आणि सर्वांगीण विकास. ही दोन्ही उत्तरे कोणाच्याही नावावर खपतात, म्हणून ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत. उमेदवार स्वतः इंग्रजी कसा शिकला आणि कुठे अडला, यातूनच त्याचा उद्याचा वर्ग उभा राहत असेल, तर ही दोन उत्तरे एकच होतात.

बार्शी तालुक्यातल्या उमेदवाराची पार्श्वभूमी साधारण ठरलेली असते. वैराग, पांगरी, पानगाव किंवा गौडगावसारख्या गावात जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, मग गावातले किंवा बार्शीतले हायस्कूल, पुढे बार्शीतच महाविद्यालय. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांच्या श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाने १९३४ पासून या भागात शाळा-वसतिगृहांचे जे जाळे विणले, त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातले मूल पदवीपर्यंत गावाजवळच शिकू शकले. येथील महाविद्यालये आधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचे कार्यक्षेत्र एका जिल्ह्यापुरते आहे.

या प्रवासात इंग्रजी नेमकी कधी भेटली, हे उमेदवाराने तारीखवार आठवून लिहावे. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली ती २००० साली. त्याआधी ती पाचवीत सुरू होई. म्हणजे आज बावीस-चोवीस वर्षांच्या उमेदवाराची एबीसीडी पहिलीत सुरू झाली, पण त्याला ती शिकवणाऱ्या गुरुजींची स्वतःची पाचवीत झाली होती. गुरुजींनी पाठ्यपुस्तकातला धडा मराठीत समजावून सांगितला, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून दिली आणि मुलांनी ती उतरवून घेतली. यात गुरुजींचा दोष काढण्यात अर्थ नाही. ज्या पद्धतीने ते शिकले त्याच पद्धतीने त्यांनी शिकवले. आताचा उमेदवारही काही वेगळे ठरवले नाही तर तेच करील, कारण वर्गात गोंधळ सुरू झाला की माणूस बी.एड.ची पुस्तके विसरतो आणि आपल्या जुन्या सरांची नक्कल करतो. म्हणून ही आठवण कामाची आहे.

आठवणी काढताना तीन-चार प्रसंग पुरे. इंग्रजीतले पहिले वाक्य मोठ्याने कधी म्हटले? वर्ग कधी हसला? कोणता नियम दहावीपर्यंत पाठ होता पण समजला नव्हता? बारावीनंतर प्राध्यापकांचे व्याख्यान पहिल्यांदा इंग्रजीतून ऐकले तेव्हा काय झाले? घरात इंग्रजी कोणाला येत होती? दुसऱ्या गोष्टीही नोंदवाव्यात: एसटीच्या पाट्या वाचणे, क्रिकेटचे समालोचन, औषधाच्या बाटलीवरची सूचना, मोबाइलवरची गाणी. आपण इंग्रजी कुठून उचलली, हे कळले की मुलेही ती कुठून उचलतील हे कळते.

मराठी माध्यमाच्या उमेदवाराला आपल्या पार्श्वभूमीची लाज वाटते, आणि मुलाखतीत तो ती झाकू पाहतो. हा सर्वांत मोठा तोटा आहे. इंग्रजी माध्यमात वाढलेल्या शिक्षकाला वाक्य चुकले हे कळते. ते का चुकले, हे मराठीतून इंग्रजीत आलेल्यालाच नीट दिसते. आठवीतला मुलगा ‘यू व्हेअर गोइंग’ म्हणतो, कारण त्याच्या मनात ‘तू कुठे चाललास’ आहे. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलावी लागत नाही. तो ‘आय हॅड गॉन येस्टरडे’ म्हणतो, कारण मराठीत ‘काल मी गेलो होतो’ हे साधे भूतकाळाचेच बोलणे आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाबद्दल तो ‘ही हॅज सॅट’ म्हणतो, कारण मराठीत ‘तो बसला आहे’. इंग्रजीत तिथे ‘ही इज सिटिंग’ लागते. खुर्चीला ‘शी’ म्हणणारी मुले मठ्ठ नसतात. मराठीत खुर्ची स्त्रीलिंगी असते, टेबल तर एका घरात ‘ते’ आणि दुसऱ्या घरात ‘तो’ असते, आणि ही सवय मुले इंग्रजीत घेऊन जातात.

प्रत्ययांचेही तसेच. ‘पेनाने लिहिले’, ‘बसने आला’, ‘त्याने सांगितले’ या तिन्हींत ‘ने’ एकच आहे. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘विथ’, दुसऱ्या ठिकाणी ‘बाय’ आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही. ‘-त’ या एका प्रत्ययाला कधी ‘इन’ लागते, कधी ‘ॲट’. शिवाय मराठीत हे सगळे शब्दाच्या मागे चिकटते, इंग्रजीत शब्दाच्या पुढे उभे राहते. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना तर मराठीत जोडच नाही. म्हणून चांगली इंग्रजी लिहिणारेही तिथे आयुष्यभर अडखळतात.

उच्चारात देवनागरीची सवय आड येते. आपल्याकडे जसे लिहितो तसे वाचतो, त्यामुळे ‘पुट’ आणि ‘बट’ या दोन शब्दांत मधले अक्षर एकच असून उच्चार वेगळे का, हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. त्याला ‘इंग्रजी अशीच आहे’ एवढेच उत्तर देऊ नये. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही ‘व’ होऊन जातात. ‘टी’चा उच्चार मराठी ‘ट’पेक्षा पुढे, हिरडीपाशी होतो. शब्दातल्या एकाच अवयवावर जोर देण्याची रीत मराठीत तितकी ठळक नाही, म्हणून सगळे अवयव सारख्या वजनाने बोलले जातात आणि परक्याला ते बोलणे धावपळीचे वाटते. यातले सगळे सुधारायचे नसते. ऐकणाऱ्याला अर्थ कळत असेल तर बार्शीच्या मुलाने बार्शीच्या हेलात इंग्रजी बोलायला कोणाची हरकत नसावी.

ही अशी यादी उमेदवाराने स्वतःच्या जुन्या वह्यांतून काढावी. नववी-दहावीच्या वह्या अजून माळ्यावर असतील तर लाल शाईच्या खुणा पाहाव्यात आणि प्रत्येक चुकीच्या मागचे मराठी वाक्य समोर लिहावे. चाळीस-पन्नास चुका जमल्या की एक छोटे व्याकरणच हाती येते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यामागेही मराठी वाक्यरचनेपासून सुरुवात करण्याचेच शहाणपण होते. आजच्या पद्धतीत भाषांतराला कमी जागा आहे, आणि ते योग्यच आहे. पण शिक्षकाच्या डोक्यात तुलना असायला हवी. विंदा करंदीकर, बा. सी. मर्ढेकर, भालचंद्र नेमाडे हे मराठीतले मोठे लेखक पोटासाठी इंग्रजी शिकवत होते, हेही विसरू नये. इंग्रजीचा शिक्षक मराठीत कच्चा असला तर वर्गात त्याचे अर्धे सामान घरी राहते.

एक सावधगिरी मात्र हवी. मराठी माध्यम म्हणजे मराठी घर असे सोलापूर जिल्ह्यात गृहीत धरता येत नाही. कन्नड, तेलुगू, दखनी उर्दू, लमाणी अशा भाषा बोलणारी कुटुंबे जिल्ह्यात आहेत. त्या घरातल्या मुलाला मराठीच दुसरी भाषा असते, इंग्रजी तिसरी किंवा चौथी. अशा मुलाला ‘मराठीत समजावून सांगितले’ म्हणजे समजले असे होत नाही.

या बाबतीत सर्वांत जवळचे उदाहरण मूळच्या बार्शीच्याच रणजितसिंह डिसले यांचे आहे. ते अभियांत्रिकी सोडून, वडिलांच्या सुचवण्यावरून अध्यापनाच्या शिक्षणाकडे वळले. शिक्षक होणे ही त्यांची पहिली निवड नव्हती, आणि ते त्यांनी लपवलेले नाही. २००९ मध्ये ते माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत गेले, तेव्हा शाळेची इमारत पडझड झालेली आणि शेजारी गुरांचा गोठा होता. वर्गातल्या मुलींची भाषा प्रामुख्याने कन्नड होती, म्हणून त्यांनी ती भाषा समजून घेऊन पाठ्यपुस्तकातला मजकूर मुलींपर्यंत पोहोचवला. पुस्तकांना क्यूआर कोड जोडून त्यातून कविता, ध्वनिफिती, चित्रफिती आणि गृहपाठ दिले. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्या पाठ्यपुस्तकांत ही कल्पना स्वीकारली. २०२० मध्ये त्यांना वार्की फाउंडेशनचा दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बक्षीस प्रत्येकाला मिळणार नाही. उमेदवाराने या गोष्टीतून उचलायचे ते क्यूआर कोडही नव्हे. समोरची मुलगी कोणत्या भाषेत विचार करते, हे आधी शोधले गेले. कोड नंतर आला.

आता वर्गाचे चित्र. ते लिहिताना आकड्यांपासून सुरुवात करावी. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला एका शिक्षकामागे ३० आणि सहावी ते आठवीत ३५ मुले असावीत. हायस्कूलच्या तुकडीत त्याहून जास्त मुले बसलेली असतात. तास साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांचा. हजेरी, वह्या आणि शांतता यांत पाच-सात मिनिटे जातात. उरलेल्या वेळात प्रत्येक मुलाने एक मिनिट बोलायचे म्हटले तरी तास संपतो. त्यामुळे ‘माझ्या वर्गात प्रत्येक मूल रोज इंग्रजीत बोलेल’ हे वाक्य ऐकायला गोड असले तरी एकेकाला उभे करून ते होणार नाही. प्रत्येक बाकावरचे दोघे एकाच वेळी एकमेकांशी बोलले तर होईल. वर्गात गलका होईल, शेजारच्या वर्गाचे सर दारातून डोकावतील. मुख्याध्यापकांना हे आधी सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट, मुलांकडे शून्य इंग्रजी आहे असे समजून वर्गात शिरू नये. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाकडे मोटर, स्टार्टर, फ्यूज, पंप, पाइप, ड्रिप, ट्रॉली, स्प्रे हे शब्द असतात. स्टँड, तिकीट, पास, कंडक्टर, रिचार्ज, नेटवर्क, बॅलन्स हेही असतात. पहिल्या आठवड्यात मुलांनी असे शंभर शब्द गोळा करून भिंतीवर लावावेत. स्पेलिंग शिक्षकाने द्यावे, अर्थ मुलांना माहीतच आहे. मग ‘फ्यूज’ या शब्दाला क्रियापद जोडायचे, ‘मोटर’ला विशेषण. ज्या मुलाच्या घरी डीपी जळल्याची चर्चा रोज होते, त्याला ‘द फ्यूज हॅज ब्लोन’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही.

बार्शीत तर धड्यांना तोटा नाही. एकच उदाहरण सविस्तर पाहू. १८९७ मध्ये बार्शी टाउन ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, अशी अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे दोन्ही बाजूंनी वाढून ती मिरज आणि लातूरपर्यंत पोहोचली. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली आणि गेल्या काही दशकांत ती मोठ्या रुंदीची झाली. छोटी गाडी पाहिलेली माणसे अजून घराघरांत आहेत. आठवीच्या वर्गाला सांगावे: आजी-आजोबांना गाडीबद्दल पाच प्रश्न विचारून या. उत्तरे मराठीत येतील: गाडी हळू चालायची, स्टेशनावर बराच वेळ थांबायची, डब्यात गर्दी असायची. ही ‘चालायची, थांबायची, असायची’ रूपे म्हणजे इंग्रजीतले ‘यूज्ड टू’. व्याकरणाच्या पुस्तकात ते एका कोपऱ्यात दोन ओळींत उरकलेले असते आणि मुलांना पाठ करूनही वापरता येत नाही. इथे ते आजोबांच्या तोंडून येते. ‘द ट्रेन यूज्ड टू स्टॉप फॉर अ लाँग टाइम’ असे वाक्य मुलाने एकदा स्वतः लिहिले की ते त्याचे झाले. पुढच्या तासाला आजची स्थिती लिहायची, म्हणजे साधा वर्तमानकाळ. त्यापुढच्या तासाला दोन्हींची तुलना. तीन तासांत दोन काळ, तुलनेची रूपे आणि परिच्छेदलेखन झाले. पाठ्यपुस्तकाबाहेर गेल्याचा आरोपही येत नाही, कारण परिच्छेदलेखन परीक्षेतही असतेच.

याच रीतीने भगवंत मंदिर घेता येते. पंढरपूरची एकादशी करून बार्शीत द्वादशी सोडायची, ही प्रथा बाहेरगावच्या पाहुण्याला समजावून सांगणे हा संवादलेखनाचा धडा आहे. आडत बाजारातला ज्वारीचा भाव रोज फळ्यावर लिहिला की ‘हायर’, ‘लोअर’, ‘रोज’, ‘फेल’ हे शब्द आपोआप येतात. बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख यांच्यावर दहा ओळींचा परिचय लिहिणे हा दहावीच्या लेखनकौशल्याचा सराव आहे.

चुका दुरुस्त करण्याबद्दल उमेदवाराने आधीच ठरवून ठेवावे. मूल बोलत असताना मध्येच थांबवू नये. ऐकावे, आणि तेच वाक्य बरोबर करून सहज परत म्हणावे. वहीत एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर खूण करावी. सगळे पान लाल झाले की मूल वही मिटून ठेवते. हसण्यावर मात्र पहिल्याच दिवशी बंदी हवी. इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर गेलेली निम्मी मुले कधीतरी कोणी हसले म्हणून गेलेली असतात.

मराठीचा वापर किती करावा, यावर वाद आहेत. बी.एड.मध्ये संपूर्ण इंग्रजीतून पाठ घेण्याचा आग्रह असतो, प्रत्यक्षात सगळा तास मराठीतून होतो. मधला रस्ता असा: रोजच्या सूचना नेहमी इंग्रजीत, कारण त्या रोज त्याच असतात आणि महिन्याभरात पाठ होतात. नवी संकल्पना एकदा मराठीत. गोष्ट इंग्रजीत, हातवारे आणि चित्रांसह, आणि भाषांतर न करता. रागावणे मात्र मराठीत. इंग्रजीतला राग मुलांना खरा वाटत नाही.

पात्रतेचा भाग कोरडा आहे, पण चुकला तर बाकीचे सगळे वाया जाते. पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर बी.एड.धारकांना या गटात प्रवेश नाही. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एल.एड. किंवा बी.एड.; नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड.; अकरावी-बारावीसाठी इंग्रजीतली पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. बी.एड.ला प्रवेश राज्याच्या सीईटीतून मिळतो. इंग्रजी माध्यमातून बी.एड. करायचे असेल तर ईएलसीटी ही वेगळी चाचणीही द्यावी लागते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यात सुमारे वीस आठवडे शाळेत काढायचे असतात. आंतरवासितेसाठी शक्यतो आपण शिकलो ती शाळा न निवडता वेगळ्या प्रकारची शाळा निवडावी.

पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक आहे. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. खुल्या गटाला ६० टक्के लागतात. इंग्रजीच्या पदवीधरांना एक गोष्ट उशिरा कळते: सहावी ते आठवीच्या दुसऱ्या पेपरात ६० गुण ‘गणित व विज्ञान’ किंवा ‘सामाजिक शास्त्रे’ यांना असतात. साहित्याचा विद्यार्थी सहसा सामाजिक शास्त्रे घेतो, आणि ती शालेय पुस्तकांतूनच वाचावी लागतात. इंग्रजी कितीही चांगली असली तरी ती तीसच गुण देते. अनुदानित आणि जिल्हा परिषद शाळांतल्या भरतीसाठी पुढे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी असते, म्हणजे टेट: २०० गुण, दोन तास. ती २०१७ मध्ये पहिल्यांदा झाली, त्यानंतर २०२३ मध्ये. मधली पाचेक वर्षे अनेकांनी वाट पाहण्यात घालवली. म्हणून टेटची जाहिरात निघाल्यावर अभ्यास सुरू करू नये. तिचे गुण ‘पवित्र’ पोर्टलवरच्या निवडीत वापरले जातात.

वाट पाहण्याच्या काळात शिकवणी घेणे सोपे असते, आणि घर चालवायला ते लागतेही. पण शिकवणीत परीक्षेचे उत्तर देण्याची सवय जडते. त्याच्या जोडीला जवळच्या शाळेत आठवड्यातून एक तास गोष्ट सांगण्याची परवानगी मागावी. बरेच मुख्याध्यापक आनंदाने देतात, कारण त्यांच्याकडे शिक्षक कमी असतात.

संस्थेच्या मुलाखतीत बहुधा पाठ घ्यायला सांगतात. मुले अनोळखी, वेळ दहा-पंधरा मिनिटे. इथे व्याकरणाची व्याख्या फळ्यावर लिहून सुरुवात करणारे उमेदवार लवकर घरी जातात. एकच छोटे उद्दिष्ट ठेवावे: तास संपताना मुलांना एक नवे वाक्य स्वतःचे म्हणून बोलता आले पाहिजे. पाठ टाचण एका पानाचे असावे आणि खिशात खडू स्वतःचा असावा. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न आल्यावर माळ्यावरच्या वहीतली एक चूक सांगावी, ती कशी सुटली ते सांगावे, आणि ‘तुमचा वर्ग कसा असेल’ याचे उत्तर त्याच चुकीवरच्या तासाने द्यावे. दोन्ही मिळून चार मिनिटे पुरतात.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून मानधन प्राथमिकला महिना १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये झाले. त्याआधी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. घरभाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च यांचा हिशेब या आकड्यावर आधीच मांडावा. परजिल्ह्यात नेमणूक मिळाली तर तो जास्त बिघडतो. या तीन वर्षांत एक वही वेगळी ठेवावी: डाव्या पानावर त्या दिवशी ऐकलेली मुलांची वाक्ये, जशीच्या तशी, उजव्या पानावर त्यांच्या घरच्या भाषेत ते मूल काय म्हणत असावे, याचा अंदाज. नेमणूक विदर्भात झाली किंवा सीमेवरच्या कन्नड गावात झाली, तर बार्शीत केलेली यादी तिथे निम्मीच उपयोगी पडेल. उरलेली निम्मी तिथल्या मुलांकडून नव्याने लिहून घ्यावी लागेल.